मिस ओल्डरॉयड म्हणजे कोण

वर्तमानपत्र आधी आईच्या हातात जाई, मग हेस्टरच्या, आणि त्यावर मुरंब्याचे डाग पडले की एनिडच्या. ही उतरंड कोणी ठरवलेली नव्हती. त्यामुळे ती मोडणेही कोणाच्या हातात नव्हते. जून महिन्यातल्या त्या सकाळी आईने वाचता वाचता चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला आणि पेपर हेस्टरपुढे सरकवला.

"वाच. मोठ्याने वाच."

हेस्टरने वाचले. युद्धकाळात जखमी सैनिकांची शुश्रूषा केलेल्या स्वयंसेविकांना महाराजांनी पदके जाहीर केली होती. रॉयल रेड क्रॉस, दुसरा वर्ग. खाली नावे होती, आणि त्यांत एक ओळ अशी होती: मिस ओल्डरॉयड, सहायक रुग्णालय, स्केलब्रो.

"हेस्टर," आई म्हणाली, "आज तुझे वडील असायला हवे होते."

एनिडचा चमचा अंड्याच्या टरफलावर थांबला. "आई, ती मी आहे."

"कोण तू?"

"त्यातली मिस ओल्डरॉयड."

"बाळ, तू मिस एनिड आहेस," आई समजुतीच्या सुरात म्हणाली. "जन्मापासून."

यात आईचे काही चुकले नव्हते. स्केलब्रोतल्या सभ्य घरांत नुसते आडनाव थोरल्या अविवाहित मुलीचे असते. धाकटीने आडनावाआधी आपले नाव जोडून घ्यायचे, आणि थोरलीचे लग्न होईपर्यंत किंवा ती मरेपर्यंत थांबायचे. त्यानंतर आडनाव जुन्या कोटासारखे धाकटीच्या अंगावर येते. हेस्टर छत्तीस वर्षांची होती, तब्येतीने ठणठणीत होती, आणि तिचे लग्न झालेले नव्हते. अर्थात मिस ओल्डरॉयड हेस्टरच होती.

मात्र फेअरबँक गिरणीवाल्यांच्या बंगल्यात युद्धाच्या काळात जे रुग्णालय चालले, तिथे हा नियम लागू नव्हता. तिथे चार वर्षे एकच ओल्डरॉयड रोज हजर असे. पू झालेल्या जखमांच्या वॉर्डात पट्ट्या बदलणारी, बादल्या उचलणारी, मेलेल्याचा जबडा बांधणारी ती मिस ओल्डरॉयड म्हणजे एनिड. हेस्टरही तिथे यायची, दर गुरुवारी दुपारी. फुलदाण्यांतली फुले बदलायची, पियानोवर तीन गाणी वाजवायची आणि चहाच्या वेळेला घरी परतायची. सैनिक तिला 'गुरुवार' म्हणत. तिचेही नाव स्वयंसेविकांत होते, त्यामुळे पेपरातली ओळ तिच्याबद्दल असणे अशक्य आहे, असे कोणाला म्हणता आले नसते.

एनिडला हे पदक कशासाठी हवे होते ते घरात सर्वांना ठाऊक होते. तिला रीतसर प्रशिक्षण घेऊन नर्स व्हायचे होते. स्वयंसेविकेच्या चार वर्षांना आता कायद्यात किंमत उरली नव्हती. पण सन सतराच्या हिवाळ्यात एका सैनिकाच्या मांडीतल्या हाडाची किरच पट्टी बदलताना तिच्या उजव्या तर्जनीत घुसली होती. बोट पिकले, दोनदा कापले, वाचले, आणि आकड्यासारखे वाकून कायमचे तसेच राहिले. लीड्सच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या मेट्रनने वसंतात तिला समोर बसवून सांगितले होते, "नियमाने दहा बोटं लागतात. तुमची साडेनऊ आहेत. पण छातीवर राजाचा क्रॉस असेल, तर आमच्या समितीतले म्हातारे बोटं मोजत बसणार नाहीत." तो क्रॉस म्हणजे लीड्स. लीड्स म्हणजे आईच्या घंटीचा आवाज ऐकू न येणारी जागा.

"हेस्टर, तू कळव ना," एनिड म्हणाली. "एक ओळ लिहायची. नाव चुकलं म्हणून."

"मी कळवू? काय कळवू? महाराज, तुमचं चुकलं?" हेस्टरने मुरंबा घेतला. "फेअरबँकबाईंना विचार. नावं त्यांनी धाडलीत."

आईने घंटी वाजवून आणखी टोस्ट मागवले.

*

मिसेस फेअरबँक बागेत गुलाबांवरचा मावा चिरडत होत्या. चिमटीत कळी धरायची, देठावरून बोटे खाली ओढायची, आणि हिरवा चिकटा रुमालाला पुसायचा, असे ते काम होते. चार वर्षे त्या रुग्णालयाच्या प्रमुख होत्या. त्यांच्यामागे खिडकीतून दिसणाऱ्या वॉर्डात आता पुन्हा बिलियर्डचे टेबल आले होते.

"अर्थात मी तुलाच लिहिलं," त्या म्हणाल्या. "दुसरं होतं कोण? गुरुवारच्या फुलांना का कोणी पदक देतं?"

"मग तेवढं वर कळवाल?"

मिसेस फेअरबँकनी आणखी एक कळी हातात घेतली. "वॉर्डात तू मिस ओल्डरॉयड होतीस. मी आपलं वॉर्डात म्हणत होते तसं लिहिलं. आता कळवायचं म्हणजे काय कळवायचं? फेअरबँकबाईंना पहिलं नाव लिहायचं सुचलं नाही, हे? मी सात नावं धाडली होती, एनिड. एक चुकलं म्हटलं की उरलेल्या सहांकडे भिंग लावून बघतील."

"उरलेली सहा बरोबर आहेत."

"त्यातली एक माझी भाची आहे," मिसेस फेअरबँक शांतपणे म्हणाल्या. "आणि नव्या वर्षाच्या यादीत माझंही काहीतरी आहे म्हणे. अशा वेळी आपण होऊन चिखल कालवायचा का? हात दाखवून अवलक्षण."

"मला लीड्सला प्रवेश हवा आहे. त्या पदकावर मिळणार आहे."

"पदक घरातच आहे ना? या कपाटात नाही, त्या कपाटात. आणि नर्स होऊन करायचंय काय तुला? युद्ध संपलं. आई आहे, घर आहे." त्यांनी रुमाल घडी केला. "थोरलीचं कुठे जमत असेल तर ते आधी जमू दे. पिकर्सगिल वकील चर्चमध्ये तिच्या मागच्या बाकावर बसायला लागलेत, बघितलंस की नाही? आता पेपरात आलेलं नाव काढून घेतलं, तर गाव काय म्हणेल तिला?"

एनिडच्या लक्षात आले, की या बाईच्या तोंडी ती आता 'मिस ओल्डरॉयड' राहिलेली नाही. चूक कबूल करता करताच बाईंनी ती दुरुस्त करून टाकली होती. फक्त उलट्या बाजूने.

*

पदक सप्टेंबरात नगरभवनात दिले जायचे होते. महाराजांच्या वतीने कौंटीतले एक लॉर्डसाहेब ते देणार होते. स्त्रियांनी हा क्रॉस डाव्या खांद्याखाली, गडद निळ्या आणि लाल काठाच्या रिबिनीच्या फुलावर लावायचा असतो. पदक मिळण्याआधी ते फूल कसे दिसेल याचा अंदाज घ्यावा, म्हणून हेस्टरने तशी रिबीन आणवली. तिला फूल बांधता येईना. तिने एनिडला हाक मारली.

एनिडने मधल्या बोटाने आणि अंगठ्याने गाठ धरली. वाकडे बोट ती बाजूला ठेवी, कोणी पाहुणा बसवावा तसे.

"हेस्टर, अजूनही एक वाक्य पुरेल."

"हात हलला तर टाचणी मला टोचेल."

"तुला काय करायचंय त्याचं? तुला रक्त बघवत नाही."

आरशातली हेस्टर आरशातल्या एनिडकडे पाहत होती. "चार वर्षं मी बाजारात गेले की लोक विचारायचे, एनिड कशी आहे? कसाईसुद्धा. मटण मला द्यायचा, चौकशी तुझी करायचा. आता माझी चौकशी करू देत."

"मला कसायाची चौकशी नको आहे. मला जायचंय इथून."

"आणि मला नाही?" हेस्टर म्हणाली. "तुला दोन रस्ते आहेत. मला एकच आहे, तो चर्चमध्ये मागच्या बाकावर बसतो, आणि त्याला पदकं आवडतात. मी काही मागायला गेले नव्हते. आलं. आलेलं परत करायला मी वेडी नाही. डावीकडचा फासा मोठा झालाय."

एनिडने फासा लहान केला.

नगरभवनात बँड होता, कुंड्या होत्या, आणि पुढच्या रांगेत आईसाठी हाताची खुर्ची होती. एनिड तिसऱ्या रांगेत बसली. तिच्या मागे सग्डेन होता. त्याचा एक पाय तिच्या वॉर्डात गेला होता, आणि आता तो फेअरबँक गिरणीच्या फाटकावर बसत असे.

"नर्सबाई," तो पुढे वाकून पुटपुटला, "गुरुवारच्या फुलदाणीलाबी पदक देत्यात व्हय?"

"गप्प बस, सग्डेन."

"न्हाई, इचारलं. मग त्या पियानोला तरी एखादं द्यायचं हुतं. त्यानं तिच्यापरीस जास्त सोसलंय." जरा थांबून तो म्हणाला, "उठून बोललो असतो, बाई. पर फाटक फेअरबँकांचं हाय."

"माहीत आहे मला."

व्यासपीठावर हेस्टरचे नाव पुकारले गेले. मिस ओल्डरॉयड. एका कारकुनाने खणखणीत आवाजात गौरवाचा मजकूर वाचला: दूषित जखमांच्या कक्षात अखंड सेवा, स्वतःच्या हाताला कायमची इजा होऊनही कर्तव्यात खंड नाही. टाळ्या वाजल्या. हेस्टर पांढऱ्या हातमोज्यांत उभी होती. एनिडला शरीराच्या बारीक हालचाली टिपायची सवय होती. चार वर्षे तिने तेच केले होते. 'इजा' हा शब्द आला तेव्हा हातमोज्यातली उजवी तर्जनी सावकाश वाकली. आकड्यासारखी वाकली आणि तशीच राहिली. लॉर्डसाहेबांनी तो हात हातात घेतला तेव्हा त्यांनी तो फार जपून धरला.

"च्यायला," मागून सग्डेन म्हणाला.

पिकर्सगिल वकील उभे राहून टाळ्या वाजवत होते.

*

लीड्सच्या मेट्रनने एनिडचे सगळे ऐकून घेतले. ती वाईट बाई नव्हती. पण चांगुलपणाचा उपयोग कुठे करायचा हे तिला नेमके माहीत होते.

"तुम्ही म्हणता ते खरं असेल," ती म्हणाली. "पण बहिणीचं पदक माझं आहे असं सांगणारी मुलगी मी समितीपुढे उभी करू शकत नाही. त्या बाईनं स्वतः म्हणायला हवं, हे माझं नाही. आणि ज्याच्या शब्दाला वजन आहे अशा माणसासमोर म्हणायला हवं. तो माणूस इथे येऊन मला सांगू दे. मग बघू."

एनिडने हे वाक्य घरी आणले आणि जपून ठेवले. नोव्हेंबरात पिकर्सगिलनी हेस्टरला मागणी घातली. पन्नाशीचे विधुर, कोरीव दाढी, न्यायालयात ज्यांच्या शब्दाला वजन होते असे गृहस्थ. जेवणाच्या टेबलावर ते आपल्या नियोजित वधूकडे कमी आणि तिच्या डाव्या खांद्याखाली जास्त पाहत.

*

फेब्रुवारीत इन्फ्लूएन्झा पुन्हा आला. पिकर्सगिलांचा ताप उतरला, पण घसा सुजत गेला, आत गळू झाले, आणि एका सकाळी श्वासनलिकाच बंद होऊ लागली. डॉक्टर स्पेन्सनी त्यांच्याच पलंगावर गळ्याला छेद देऊन चांदीची नळी बसवली. स्पेन्स मेसोपोटेमियातून परतून नुकतेच गावात आले होते. स्केलब्रोच्या माणसांबद्दल त्यांना एवढेच माहीत होते, की कोणाच्या छातीवर कोणती रिबीन आहे.

गावात एकही नर्स मोकळी नव्हती. हेस्टर आलीच होती. लग्न ठरलेले होते, झालेले नव्हते. विधुराच्या खोलीत कुमारिकेने एकटीने बसणे बरे दिसले नसते. म्हणून आईने सोबतीला एनिडला धाडले होते. ती खिडकीपाशी विणकाम घेऊन बसली. सैनिकांसाठी पायमोजे विणायची सवय तिला अजून सुटली नव्हती.

"मिस ओल्डरॉयड, नळीबद्दल तुम्हाला मी काय सांगायचं?" स्पेन्स हात पुसत हेस्टरला म्हणाले. "तुम्ही अशा कितीतरी सांभाळल्या असतील."

पलंगावरून पिकर्सगिल पाहत होते. त्यांना बोलता येत नव्हते. उशाशी पाटी आणि खडू ठेवला होता.

"अर्थात," हेस्टर म्हणाली.

"मग मी निर्धास्त जातो. वरच्या वाडीवर तीन घरं तापानं झोपलीत. संध्याकाळपर्यंत येतो." ते निघून गेले.

ही नळी दुहेरी असते. बाहेरची गळ्यात पट्टीने बांधलेली असते. तिच्या आत दुसरी, जरा बारीक, एका लहान खिट्टीने अडकवलेली. कफ वाळून आतली तुंबली, की खिट्टी फिरवायची, आतली ओढून काढायची, धुवायची, पुन्हा बसवायची. बाहेरचीला हात लावायचा नाही. यात अवघड काहीच नाही. फक्त नळ्या दोन आहेत हे माहीत असावे लागते. हेस्टरच्या समजुतीप्रमाणे ती एक होती.

दुपारी नळीतून येणाऱ्या शिट्टीचा स्वर चढला. एनिडने तो ऐकला. टाके विणता विणता ती ऐकत राहिली. स्वर आणखी चढला, मग तुटक झाला, मग त्यात ओल्या चामड्यासारखी फडफड आली. हेस्टरने नवऱ्या मुलाचा हात हातात घेऊन थोपटला. स्पेन्सनी नळी पुसायला ठेवलेले पीस तिने नळीच्या तोंडाशी नेले, तिथला कफ पुसला, आणि मोठे काम केल्यासारखी मागे सरली. पिकर्सगिलांच्या गळ्याच्या खाचेत कातडी आत ओढली जाऊ लागली. त्यांनी खडूने पाटीवर टकटक केले. लिहिले काही नाही.

"एनिड," हेस्टर म्हणाली. "हे असं का करताहेत?"

"मिस ओल्डरॉयड तू आहेस."

"ही काय वेळ आहे?"

"हीच आहे," एनिड म्हणाली. "त्यांना नीट ऐकू येतंय. सांग त्यांना."

हेस्टरने तिच्याकडे पाहिले, आणि तिला सगळे समजले. मूर्ख ती कधीच नव्हती. ती दाराकडे धावली, जिन्यावरून स्वयंपाकिणीला ओरडून डॉक्टरांकडे पाठवले आणि परत आली. वरची वाडी टेकडीपलीकडे होती. पिकर्सगिलांचे ओठ जांभळे होऊ लागले होते. त्यांचे डोळे एका बहिणीवरून दुसरीवर फिरत होते आणि प्रत्येक फेरीत धाकटीवर जास्त वेळ थांबत होते. तिच्या हातांतल्या सुया चालूच होत्या.

"तुला येतंय ना काढता?" हेस्टरचा आवाज बसला होता. "काय पाहिजे तुला? मरू देशील त्यांना?"

"एक वाक्य."

"एनिड, पाया पडते."

"ते नको. वाक्य."

"पदक माझं नाही," हेस्टर पलंगाकडे तोंड करून म्हणाली. "एनिडचं आहे. नाव चुकलं. मला माहीत होतं. आईला माहीत होतं. आता काढ. काढ ते."

एनिडने सुया खिडकीत ठेवल्या. चार पावलांत ती पलंगाशी पोचली, मधल्या बोटाने खिट्टी फिरवली आणि आतली नळी ओढली. ती तळापर्यंत पिवळ्या खपलीने भरलेली होती. मोकळ्या झालेल्या बाहेरच्या नळीतून हवा आवाज करत आत गेली. खोकला आला, कफ उडाला, पुन्हा हवा गेली. ओठांवरचा जांभळा रंग आधी कडांनी, मग मधोमध फिका झाला. हेस्टर जमिनीवर बसून रडत होती. एनिडने नळी उकळत्या पाण्यात धुतली, पिसाने साफ केली, जागच्या जागी बसवली आणि खिट्टी लावली.

नंतर तिने स्वतःला विचारले, की ते वाक्य आलेच नसते तर? उत्तर तिला माहीत होते. ते तिला आवडले नाही. पण एखादे उत्तर आवडत नाही म्हणून ते चूक ठरत नाही.

पुढच्या शुक्रवारच्या स्थानिक पेपरात बातमी आली: पदकविजेत्या मिस ओल्डरॉयड यांनी प्रसंगावधान राखून आपल्या नियोजित पतीचे प्राण वाचवले.

*

एप्रिलमध्ये पिकर्सगिल कचेरीत बसू लागले. एनिड त्यांना तिथे भेटली. गळ्यातले भोक अजून पुरते मिटले नव्हते. बोलण्याआधी ते दोन बोटांनी गळ्यावरची पट्टी दाबत, आणि मग घोगरा आवाज येई.

"तुम्ही ऐकलंत ते लीड्सच्या मेट्रनला सांगायला हवं," एनिड म्हणाली. "तुमच्या शब्दावर माझं काम होईल."

"मी दोन गोष्टी ऐकल्या," पिकर्सगिल म्हणाले. "पदक हेस्टरचं नाही, ही एक. आणि तुम्ही माझ्या श्वासाचा सौदा केलात, ही दुसरी."

"श्वास मीच परत दिला."

"भाव ठरल्यावर." ते थांबले, पट्टी पुन्हा दाबली. "मी साक्ष देईन, मिस एनिड. का नाही देणार? पण अर्धी साक्ष द्यायला मला धंद्यानं शिकवलेलं नाही. सगळी देईन. मी गुदमरत होतो, आणि तुम्ही टाके मोजत होता, तेही सांगेन. अशी नर्स त्या बाईंना हवी असेल तर उद्याच्या गाडीनं जाऊ या."

त्यांचे म्हणणे एनिडने उलटसुलट तपासले. त्यात कुठे फट सापडली नाही.

"आणि हेस्टर?" तिने शेवटी विचारले. "तिच्याशी लग्न करणार?"

"ती खोटं बोलली. खोटं बोलणाऱ्यांशी माझी रोज गाठ पडते; त्यांच्या पंगतीला बसून मी जेवतो, झोपही लागते. तुम्ही खरं बोलता. तुम्ही खोलीत असलात तर मला झोप लागणार नाही." त्यांनी टेबलावरची घंटी वाजवली. "लग्नाला मात्र या. नाही आलात तर बरं दिसणार नाही."

*

जूनमध्ये लग्न झाले. हेस्टरच्या डाव्या खांद्याखाली रिबिनीचे फूल होते. ते एनिडनेच बांधले होते. चर्चच्या पायऱ्या उतरताना पाद्रीबाईंनी एनिडचा दंड धरला आणि हसून म्हणाल्या, "चला, मिस ओल्डरॉयड. आता तुम्हीच."

एनिड पायरीवर थांबली. नियम साधा होता, लहानपणापासून पाठ होता, आणि त्याची दुसरी बाजू तिने इतक्या महिन्यांत एकदाही पाहिली नव्हती. थोरली आता मिसेस पिकर्सगिल होती. स्केलब्रोत मिस ओल्डरॉयड एकच उरली होती.

आठवड्याभरात ती लिव्हरपूलला गेली. लीड्स नको होते. तिथे सगळी कथा माहीत होती. लिव्हरपूलच्या मेट्रनपुढे तिने वर्षापूर्वीच्या पेपराचे कात्रण ठेवले. मिस ओल्डरॉयड, सहायक रुग्णालय, स्केलब्रो.

"आपण मिस ओल्डरॉयड?"

"हो."

"क्रॉस लावला नाहीत?"

"तो घरी असतो," एनिड म्हणाली. कोणाच्या घरी, हे त्या बाईंनी विचारले नाही.

"आणि हे बोट?"

"वॉर्डात झालं. हाडाची किरच."

मेट्रनने ते बोट हातात घेऊन पाहिले. खोटे एकही वाक्य बोलले गेले नव्हते. एनिडने बोलण्याआधी प्रत्येक वाक्य तपासले होते. हक्काच्या वस्तूसाठी चोरासारखे जपून बोलावे लागते, हे तिला नवे होते, पण ते तिला छान जमले. सप्टेंबरपासून यावे, असे मेट्रन म्हणाली. गणवेशासाठी माप घेतले गेले. फक्त शिरस्ता म्हणून जुन्या प्रमुखबाईंना एकदा विचारून घेऊ, असे तिने निघताना सांगितले. एनिड हो म्हणाली. मिसेस फेअरबँकना नावातला फरक कधी कळला होता?

ट्रंक माळ्यावरून खाली आली. आई घंटी वाजवी, आणि एनिड पूर्वीपेक्षा लवकर जाई, कारण आता त्या घंट्यांना शेवट होता.

ऑगस्टमध्ये मिसेस फेअरबँक चहाला आल्या. नव्या वर्षाच्या यादीत त्यांना साम्राज्याचा किताब मिळाला होता, आणि तेव्हापासून त्यांची पाठ जास्त ताठ झाली होती.

"काल लिव्हरपूलहून टेलिफोन आला होता," त्या साखर ढवळत म्हणाल्या. "कुठल्याशा मेट्रन होत्या. पदकवाल्या मिस ओल्डरॉयड तुमच्याकडच्याच ना, म्हणून विचारत होत्या."

एनिडने किटली खाली ठेवली. "मग?"

"मग काय? मी स्पष्ट सांगितलं. म्हटलं, पदकवाल्या आता मिसेस पिकर्सगिल आहेत. तुमच्याकडे आली असेल ती धाकटी, एनिड. त्यांना जरा धक्काच बसला, बाई. असल्या मुली असतात, म्हणाल्या. मी म्हटलं, छे, आमची एनिड तशी नाही, काहीतरी गैरसमज असेल." त्यांनी चहाचा घोट घेतला. "नावांच्या बाबतीत मी आता फार काळजी घेते. मागे एकदा घोटाळा झाला होता ना."

"लिव्हरपूल?" आई म्हणाली. "लिव्हरपूलला कोण जाणार आहे?"

"कोणी नाही," एनिड म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला आईने पेपर वाचून संपवला, घडी केली आणि सरळ एनिडपुढे सरकवला. त्यावर मुरंब्याचा एकही डाग नव्हता.